फातिमाबाईंचा प्रवास

१९२१ सालच्या जुलै महिन्याच्या ३१ तारखेस मुंबईतील परळ भागात परदेशी कापडाची एक प्रचंड होळी पेटली. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळकांची पहिली पुण्यतिथी होती. महात्मा गांधींनी स्वतःच्या हातांनी त्या ढिगास अग्नी दिला आणि तो सोहळा पाहण्यास हजारो माणसे लोटली. ही होळी ज्या आवारात झाली, ते उमर सोबानी या तरुण गिरणीमालकाच्या मालकीचे होते. ज्याचा धंदाच कापडाचा, त्याने आपल्या दारात कापड जाळू द्यावे, ही गोष्ट साधी नव्हे. उमर सोबानींनी देशासाठी पैसाही हात सैल सोडून दिला. पुढे व्यापारात त्यांस मोठी खोट आली, घराण्याची श्रीमंती ओसरली आणि १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. फातिमाबाई इस्माईल या त्यांच्या धाकट्या भगिनी.

फातिमाबाईंचा जन्म १९०३ साली झाला. त्या काळी मुसलमान घरांतील काय आणि हिंदू घरांतील काय, बहुतेक मुलींचे शिक्षण लवकर आटोपत असे. फातिमाबाईंच्या मनात मात्र डॉक्टर व्हावयाचे होते. त्यासाठी त्या युरोपात व्हिएन्ना नगरीस गेल्या. वैद्यकशास्त्राच्या शिक्षणासाठी हे शहर तेव्हा जगभर प्रसिद्ध होते. परंतु घरच्या व्यापाराची घडी विसकटली आणि त्यांस शिक्षण अर्ध्यावर टाकून परत यावे लागले. डॉक्टर होण्याची इच्छा तशीच राहिली.

याच व्हिएन्ना नगरीत कार्ल लँडस्टायनर नावाच्या शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये एक शोध लावला होता. लहान मुलांचे हातपाय अकस्मात लुळे करून टाकणारा एक रोग फार प्राचीन काळापासून माणसांना ठाऊक होता. तो एका अतिसूक्ष्म विषाणूमुळे होतो, असे लँडस्टायनर यांनी दाखवून दिले. या रोगाचे नाव पोलिओ. त्याच्याशी आपली गाठ आपल्याच घरात पडणार आहे, हे व्हिएन्नातून परतणाऱ्या त्या तरुणीस कोठून ठाऊक असणार!

मायदेशी आल्यावर फातिमाबाईंचा विवाह झाला, मुलेबाळे झाली. संसार सांभाळून त्या अखिल भारतीय महिला परिषदेचे काम करीत. अशी काही वर्षे गेली. १९४५ च्या सुमारास त्यांच्या धाकट्या मुलीस ताप आला. मुलगी तेव्हा तीनएक वर्षांची होती. लहान मुलांस ताप येतो आणि जातो. आयांना त्याची सवय असते. हा ताप गेला, पण जाताना मुलीच्या अंगातील बळ घेऊन गेला. कालपर्यंत घरभर धावणारे मूल उठून उभे राहू शकेना.

पोलिओचा विषाणू दूषित पाण्यातून अथवा अन्नातून पोटात जातो. शंभरांतील नव्व्याण्णवांहून अधिक मुलांना त्याच्यापासून कायमची इजा होत नाही. थोडा ताप, थोडी मळमळ, आणि मूल पुन्हा खेळू लागते. परंतु एखाद्या मुलाच्या बाबतीत तो विषाणू पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो. स्नायूंना हालचालीची आज्ञा देणाऱ्या ज्या पेशी तेथे असतात, त्यांचा तो नाश करतो. आज्ञा देणारेच उरले नाहीत म्हणजे स्नायू निपचित पडून राहतात. पाय असतो, त्याला स्पर्श कळतो, दुखलेले कळते. तो उचलता मात्र येत नाही. मुलाच्या बुद्धीला काहीच झालेले नसते. ते सारे पाहत असते, समजत असते, आणि म्हणूनच आपले पाय आपले का ऐकत नाहीत, हे त्याला उमगत नाही.

फातिमाबाईंनी मुंबईतील डॉक्टरांना मुलगी दाखविली. पोलिओवर औषध नव्हते. (ते आजही नाही.) मुलगी आता चालणार नाही, ही गोष्ट मनाशी स्वीकारावी, असेच त्यांना सांगण्यात आले. डॉक्टरांचा यात काही दोष होता असे नाही. औषध नाही म्हणजे उपाय नाही, अशीच तेव्हा पुष्कळांची समजूत होती. ज्यांना काही उपाय ठाऊक होता, त्यांच्यातही एकमत नव्हते. रोग्याचे लुळे अवयव फळ्यांना बांधून महिनोन्‌महिने निश्चल ठेवावेत, म्हणजे ते वाकडे होणार नाहीत, असे बहुतेक डॉक्टर मानीत. ऑस्ट्रेलियातील एलिझाबेथ केनी या परिचारिकेने याच्या अगदी उलट चालविले होते. ती गरम पाण्यातून पिळून काढलेल्या लोकरीच्या कपड्यांनी दुखरे स्नायू शेकी आणि रोग्याचे अवयव हळूहळू हलवीत जाई. १९४० मध्ये ती अमेरिकेत गेली, तेव्हा तेथील पुष्कळ डॉक्टरांनी तिला हसण्यावारी नेले. मागाहून त्यांतील अनेकांनी तिचीच रीत उचलली.

अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हेही या रोगाने पांगळे झाले होते. परळात ती होळी पेटली, त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १९२१ च्या ऑगस्टमध्येच, त्यांच्यावर हा आघात झाला. त्यांचे वय तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. जॉर्जिया प्रांतात वॉर्म स्प्रिंग्ज या गावी ऊन पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्यात उतरले असता पायांवरील भार हलका होतो व ते हलविता येतात, असा अनुभव आल्यावर रूझवेल्टांनी ती जागाच विकत घेतली आणि आपल्यासारख्या इतर रोग्यांसाठी तेथे उपचारकेंद्र काढले. अशा गोष्टी जगात घडत होत्या. पण मुंबईतील एका आईला त्यांचा काय उपयोग? अमेरिका सात समुद्रांपलीकडे होती आणि जगात महायुद्ध चालू होते.

चौकशी करता करता फातिमाबाईंच्या कानी मद्रासच्या डॉ. एम. जी. किणी यांचे नाव आले. हाडे, सांधे व स्नायू यांच्या विकारांवर ज्यांनी या देशात प्रथम विशेष अभ्यास केला, त्या मोजक्या शल्यवैद्यांत डॉ. किणींची गणना होते. भारतातील अस्थिशल्यवैद्यांच्या संघटनेत त्यांच्या स्मरणार्थ एक व्याख्यानच ठेवलेले आहे. फातिमाबाईंनी ठरविले की, मुलीला घेऊन मद्रासला जावयाचे.

आज मुंबईहून चेन्नईला विमानाने दोन तासांत जाता येते. त्या काळी मद्रासची वाट आगगाडीची होती. बोरीबंदरवरून निघालेली गाडी कर्जतपुढचा घाट चढून पुण्यास येई. मग सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल अशी मजल दरमजल करीत सुमारे १,२८० किलोमीटर अंतर कापी. निरोगी माणसालाही तो प्रवास जड जाई. ज्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, अशा मुलाला घेऊन जाणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल. अशा मुलाला उचलून डब्यात चढवावे लागते, उचलून उतरवावे लागते, शौचास न्यावे लागते, थोड्या थोड्या वेळाने या कुशीवरून त्या कुशीवर करावे लागते. शेजारचे प्रवासी कनवाळूपणाने विचारपूस करतात, आणि प्रत्येकाला तीच हकीकत पुन्हा सांगावी लागते. मद्रासला उतरल्यावर तर भाषाही परकी.

डॉ. किणी सुरुवातीस या मुलीला हाती घेण्यास राजी नव्हते. फातिमाबाईंनी चिकाटी सोडली नाही. अखेर डॉक्टरांनी होकार दिला आणि उपचार सुरू झाले. हे उपचार दिवसाचे वा आठवड्याचे नव्हते. त्यांना कित्येक महिने लागले.

हा उपचार कसला असतो, ते थोडे समजून घेतले पाहिजे. मज्जारज्जूतील ज्या पेशी मेल्या, त्या पुन्हा जिवंत होत नाहीत. परंतु काही पेशी केवळ घायाळ झालेल्या असतात, काही वाचलेल्या असतात. त्यांच्या हुकमतीखालचे स्नायू अशक्त झाले, तरी निकामी झालेले नसतात. ते वापरले नाहीत तर आक्रसून जातात, सांधे आखडतात, पाऊल वाकडे होते. आणि मग जे वाचले होते तेही वाया जाते. म्हणून रोज ठरावीक वेळी, ठरावीक रीतीने, एकेक स्नायू हलवावा लागतो. प्रथम दुसऱ्याने हलवावा, मग मुलाने स्वतः थोडा जोर लावावा, मग थोडा अधिक. आज बोटभर पाय सरकला, तर महिन्याने वीतभर सरकेल. पायाला आधार म्हणून चामडी पट्टे व लोखंडी कांबी असलेला बूट घालावा लागतो. मूल कंटाळते, रडते, हट्ट धरते. त्याला गोष्ट सांगून, खेळणे दाखवून, कधी रागावून तोच व्यायाम पुन्हा करून घ्यावा लागतो. डॉक्टर दिवसातून एकदा येऊन जातो. बाकीचा दिवस आईचा असतो.

फातिमाबाईंना आपली अर्धवट राहिलेली वैद्यकी येथे वेगळ्या रीतीने भेटली. येथे पुस्तक नव्हते, परीक्षा नव्हती. एक लहान पाय होता आणि त्यात परत येऊ पाहणारे बळ होते.

मुलीच्या प्रकृतीत सुधारणा दिसू लागली. जी कधी चालणार नाही असे ठरले होते, तिच्या पायांत पुन्हा हालचाल येऊ लागली. पण काम पुरे झाले नव्हते. पुढे काय करावे, याचा विचार चालू असता फातिमाबाईंना समजले की, पुण्यास जखमी सैनिकांसाठी लष्कराचे एक पुनर्वसनकेंद्र आहे. युद्धात कोणाचा हात गोळीने निकामी होई, कोणाचा पाय तुटे. असे जवान पुन्हा आपल्या पायांवर उभे राहावेत, कामधंद्यास लागावेत म्हणून तेथे व्यायामाने, शेकाने व पाण्यातील हालचालींनी उपचार करीत. गोळीने लुळा पडलेला शिपायाचा पाय आणि पोलिओने लुळा पडलेला मुलीचा पाय यांची कारणे वेगळी. पण दोहोंना चालावयास शिकविण्याची रीत बरीचशी एकच. फातिमाबाई मुलीला घेऊन पुण्यास गेल्या. मोठमोठ्या शिपायांच्या मेळ्यात ही एवढीशी पोर! मद्रासला सुरू झालेले काम पुण्यास पुढे गेले.

येथवरची हकीकत एका आईची आणि तिच्या मुलीची आहे. आपले मूल बरे व्हावे म्हणून आई दूरदेशी गेली, पैसा खर्चला, कष्ट सोसले, आणि तिला यश आले. ती एवढ्यावर थांबती, तरी तिला कोणी नावे ठेवली नसती. मुलीला घेऊन तिने घरी परतावे, देवाचे आभार मानावे, आणि ते दिवस विसरून जावे, हे अगदी स्वाभाविक होते.

परंतु फातिमाबाईंना एक गोष्ट विसरता येईना. आपण मद्रासला जाऊ शकलो, कारण आपल्यापाशी साधन होते. डॉक्टरांचे नाव कळले, कारण चार शिकल्यासवरल्या माणसांत आपले येणेजाणे होते. त्यांनी नकार दिला तरी मागे हटलो नाही, कारण मोठ्या माणसांपुढे बोलण्याची आपल्याला सवय होती. ज्यांच्यापाशी यांतले काहीच नाही, त्यांच्या मुलांनी काय करावे?

उदाहरणार्थ, जालन्याच्या बाजूचे एखादे शेतकरी कुटुंब घ्या. जालना तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. तो स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. अंबड किंवा भोकरदनकडील एखाद्या खेड्यात मूल तापाने फणफणले आणि नंतर उठेना, तर आईबाप प्रथम काय करीत? गावच्या वैदूला दाखवीत. कोणी तेलाने चोळावयास सांगे, कोणी अंगारा लावी. देवाला नवस बोलला जाई, पिराच्या दर्ग्यास चादर चढविली जाई. यांतील कशानेही गुण न आला आणि कोणी शहाण्या माणसाने मुंबईचे नाव काढले, तर बैलगाडी जुंपून जालन्याचे स्टेशन गाठावे लागे. तेथून मीटरगेजची लहान गाडी मनमाडपर्यंत. सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. मनमाडला मुलाला पाठुंगळीस घेऊन उतरावयाचे, गाठोडे डोक्यावर घ्यावयाचे, मोठ्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसावयाचे, आणि आणखी दोनशे साठ किलोमीटर जावयाचे. मुंबईत उतरावयाचे कोणाकडे? किती दिवस? पेरणी तोंडावर आलेली, घरी दुसरी मुले, कर्जाऊ काढलेले पैसे. आणि एवढे सोसून मुंबईस पोहोचल्यावर काय ऐकावयाचे, तर उपाय नाही. कारण फातिमाबाईंच्या मुलीला ज्या उपचाराने गुण आला, तो एवढ्या मोठ्या मुंबईत अशा मुलांसाठी कोठेच चालत नव्हता.

मूल बरे होण्यासाठी मद्रासला जावे लागते, हे दुःख तर होतेच. त्याहून मोठे दुःख हे की, जे जाऊ शकत नाहीत त्यांची मुले जन्मभर जमिनीवर सरपटत राहतात. आणि ती बरी होण्यासारखी होती, हे कोणाला कळतही नाही. फातिमाबाईंनी ठरविले की, हा उपचारच मुंबईत आणावयाचा.

ठरविणे सोपे होते. त्यांच्यापाशी डॉक्टरची पदवी नव्हती, इमारत नव्हती, सरकारी अधिकार नव्हता. या उपचाराचे शिक्षण घेतलेली माणसे तरी देशात किती होती? भौतिकोपचार शिकविणारे विद्यालय आपल्याकडे तेव्हा निघालेच नव्हते. मुंबईत केईएम रुग्णालयात ते निघाले १९५० नंतर. फातिमाबाईंनी आपल्या ओळखीच्या डॉ. बाळिगा यांना गाठले. डॉ. बाळिगा हे मुंबईतील ख्यातनाम शल्यवैद्य होते आणि स्वातंत्र्याच्या चळवळीविषयी त्यांस मोठी आस्था होती. चौपाटीवरील त्यांच्या दवाखान्यात फातिमाबाईंना जागा मिळाली, आणि १९४७ च्या मे महिन्यात, देश स्वतंत्र होण्याच्या अगोदर तीन महिने, पोलिओ झालेल्या मुलांसाठी तेथे उपचारकेंद्र उघडले.

तो काळ कसा होता, हे ध्यानात घेतले पाहिजे. देशाची फाळणी होऊ घातली होती. ठिकठिकाणी दंगे होत होते. हिंदू मुसलमानाकडे आणि मुसलमान हिंदूकडे संशयाने पाहत होता. अशा वेळी एका मुसलमान बाईने उघडलेल्या आणि एका हिंदू डॉक्टरने जागा दिलेल्या त्या दवाखान्यात मुले आणली जात होती. लुळ्या पायाला जात नसते, हे निदान तेथे येणाऱ्या आयांना तरी सांगावे लागत नसेल.

दवाखाना उघडताच एक गोष्ट दिसून आली. इतके दिवस ही मुले कोणाच्या दृष्टीस पडत नसत. ती घराच्या आत, एखाद्या कोपऱ्यात, सतरंजीवर बसून असत. कोणी लाजेपोटी त्यांना लपवीत, कोणी पूर्वजन्मीचे पाप म्हणून गप्प राहत. आता उपाय आहे असे कळल्यावर आया त्यांना कडेवर घेऊन येऊ लागल्या. मुले काही नव्याने आजारी पडली नव्हती. ती तेथेच होती. त्यांना आणावयास जागा नव्हती, ती झाली.

येणाऱ्या आयांना नुसता उपचार देऊन भागत नसे. घरी गेल्यावर काय करावे, पाय कसा धरावा, किती वेळा वाकवावा, हे शिकवावे लागे. घरच्या व्यायामावाचून आठवड्याच्या फेरीला अर्थ उरत नाही. ज्या बाईने स्वतः मद्रासला आणि पुण्यास हे दिवस काढले होते, तिला ते कोणी सांगावयास नको होते.

या कामातूनच अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी एक संस्था उभी राहिली. तिचे इंग्रजी नाव सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन असे असून फातिमाबाई तिच्या संस्थापक होत्या. पुढे महालक्ष्मीच्या बाजूस, हाजी अलीच्या दर्ग्यासमोरील किनाऱ्यालगत, मुलांसाठी अस्थिव्यंगांचे रुग्णालय झाले. समुद्रावरचा वारा मोकळा येईल अशी ती जागा. उपचारासाठी मुले महिनोन्‌महिने राहतात. तेवढ्यात त्यांचे शिक्षण बुडते आणि बरे होऊन गेली तरी ती वर्गात मागे पडतात. म्हणून संस्थेने उपचाराबरोबर त्यांच्या शिक्षणाचीही सोय पाहिली. मुलाचा पाय तेवढा सुधारला आणि मूल अडाणी राहिले, तर अर्धेच काम झाले, असा तेथील विचार होता.

१९५५ मध्ये हाजी अलीलाच सरकारने अपंगांच्या उपचारासाठी व त्या उपचाराचे शिक्षण देण्यासाठी एक अखिल भारतीय संस्था सुरू केली. तीस संयुक्त राष्ट्रांचेही साहाय्य लाभले. ज्या शहरात दहा वर्षांपूर्वी एका आईला उपाय नाही असे ऐकावे लागले होते, त्याच शहरात आता देशाच्या सर्व भागांतून रोगी येऊ लागले. प्रवासाची दिशा उलटली म्हणावयाची!

१९५८ मध्ये भारत सरकारने फातिमाबाईंना पद्मश्री ही पदवी दिली. १९७८ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नियुक्ती केली. कला, साहित्य, विज्ञान व समाजसेवा या क्षेत्रांत ज्यांनी विशेष कार्य केले, अशा बारा व्यक्तींना राष्ट्रपती त्या सभेवर नेमतात. फातिमाबाई तेथे गेल्या, त्या समाजसेवेच्या बळावर. वयाची पंचाहत्तरी तेव्हा त्यांनी गाठली होती.

दरम्यान पोलिओविरुद्धच्या लढ्याचे रूप पालटले होते. अमेरिकेत डॉ. जोनास साल्क यांनी तयार केलेली टोचावयाची लस उपयुक्त ठरल्याचे १९५५ च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले. पुढे डॉ. अल्बर्ट सेबिन यांनी तोंडावाटे द्यावयाची लस सिद्ध केली. दोन थेंब जिभेवर टाकले की झाले. ते टाकण्यास डॉक्टरच हवा असेही नाही. आपल्या देशात १९९५ पासून ठरावीक रविवारी सर्व लहान मुलांना एकाच वेळी हे थेंब पाजण्याची मोहीम सुरू झाली. गावोगावी, वाड्यावस्त्यांवर, रेल्वेच्या फलाटांवर, उसाच्या फडांवर स्वयंसेवक लसीची पेटी खांद्यास लावून फिरले. जालन्याच्या आणि मनमाडच्या फलाटांवरून ज्या मुलांना पाठुंगळीस घेऊन जावे लागे, त्यांच्या जागी आता आईच्या कडेवर तोंड वेंगाडून थेंब गिळणारी मुले दिसू लागली. १३ जानेवारी २०११ रोजी बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका लहान मुलीला पोलिओ झाल्याचे आढळले. नैसर्गिक पोलिओ विषाणूची तीच भारतातील शेवटची रोगी ठरली. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला दक्षिणपूर्व आशिया विभाग या रोगापासून मुक्त झाल्याचे जाहीर केले.

हा दिवस पाहण्यास फातिमाबाई हयात नव्हत्या. त्यांनी ज्या मुलांवर उपचार केले, त्यांच्यासाठी ती लस उशिरा आली होती. आणि लस आली म्हणून आधी लुळा पडलेला पाय काही बरा होत नाही. ज्यांना लसीचे दोन थेंब मिळाले नाहीत, त्यांच्या वाट्याला तो कांबीचा बूट, त्या कुबड्या आणि तो रोजचा व्यायाम होता. त्यांतील कित्येक जण त्याच्या आधाराने शाळेत गेले, नोकरीस लागले, संसारी झाले.

हाजी अलीच्या त्याच जागेवर २०१७ मध्ये मुलांचे एक मोठे, अनेक मजली रुग्णालय सुरू झाले. पोलिओने लुळे झालेले नवे मूल आता सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. हृदयाचे, मेंदूचे, हाडांचे नाना विकार झालेली मुले मात्र पूर्वीसारखीच दूरदूरच्या गावांहून मुंबईस येतात. एका खांद्याला कपड्यांची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर झोपलेले मूल आणि हातात तपासणीच्या कागदांची जाड पाकिटे, असे आईबाप समुद्राकाठच्या त्या रस्त्यावर बसमधून उतरतात आणि इमारतीचे दार कोणत्या बाजूस आहे, ते विचारतात.